ओवळं आत, सोवळं बाहेर

आमच्या आळीतल्या देवळाची दानपेटी संकष्टीनंतरच्या रविवारी उघडतात. दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन विश्वस्त. आणि विश्वस्तांचा एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे साक्षीला मी. सतरंजीवर पेटी पालथी केली की आधी धो धो नाणी येतात. मग घडी घालघालून सुपारीएवढ्या केलेल्या दहाच्या नोटा, हळदीकुंकवाने माखलेल्या. एखादी चिठ्ठी, गणितात पास कर म्हणून. आणि दर महिन्याला न चुकता एक शर्टाचं बटण. हा भक्त कोण, ते बाप्पालाच ठाऊक.

परवा नोटांच्या घड्या मोडता मोडता खजिनदारकाकांनी विचारलं, "काय रे, ते मनी लाँडरिंग म्हणतात, ते देवळातून करता येतं का?"

माझ्या हातातली वीसची नोट गळाली. काका सत्तरीचे. चहाचा खर्चसुद्धा व्हाउचरशिवाय मंजूर न करणारे.

"एक गृहस्थ आले होते," काका म्हणाले. "सभामंडपाला पंचवीस लाख देतो म्हणाले. नाव नको, पाटी नको. ठेकेदार तेवढा त्यांचा."

"मग?"

"पाटी नको म्हणाले तिथेच मी सावध झालो. आपल्याकडे पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव घालतात. पंखा फिरला की वाचता येत नाही, म्हणून खाली भिंतीवर परत."

काकांनी मनी लाँडरिंगविरोधी पीएमएलए कायदा वाचलेला नाही. तो २००२ सालचा आहे आणि २००५ पासून लागू आहे. पण पंख्याच्या पात्यावरून गुन्ह्याचा माग काढण्याची विद्या त्या कायद्यात कुठेच नाही, हे मी खात्रीने सांगतो.

गृहस्थांची योजना सोवळ्या-ओवळ्याच्या शास्त्राला धरून होती. एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड, असा नियम २०१७ पासून आहे. म्हणून पैसे पेटीतून येणार, थोडे थोडे, जणू आळीला अचानक भक्तीचा उमाळा आलाय. पेटीत पडलेला पैसा देवाचा. देवाला पॅन नंबर विचारत नाहीत. मग मंडपाचं बिल पंचवीस लाखांचं, सिमेंट आठ लाखांचं, आणि देवस्थानचा चेक ठेकेदाराच्या खात्यात. ठेकेदार म्हणजे गृहस्थांचा मेहुणा. ओवळी नोट गाभाऱ्यातून आत गेली आणि न्हाऊन, धाबळी नेसून, बँकेच्या दाराने बाहेर आली.

यात सगळ्यात उपयोगी पडतो तो आपला जुना शब्द, गुप्तदान. पुराणिकांना यात पुण्य दिसतं, आयकरवाल्यांच्या तोंडाला फेस येतो. २००६ साली सरकारने निनावी देणग्यांवर तीस टक्के कर बसवला आणि त्याच कलमात निव्वळ धार्मिक संस्थांना मोकळं सोडलं. त्यात वावगं काही नाही. पाच रुपये टाकणाऱ्या आजीबाईंचं नाव-गाव लिहून घ्यायला प्रत्येक पेटीशी तलाठी बसवावा लागला असता. शिर्डीच्या संस्थानाचा याच करावरचा वाद २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संस्थानाच्या बाजूने सुटला, कारण संस्था धर्मादायही आहे आणि धार्मिकही. अडचण एवढीच की आजीबाईंसाठी ठेवलेल्या फटीतून मेहुणाही आत शिरू शकतो.

फटीवरून आठवलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि देशाला एकाएकी देव आठवला. त्या महिन्यात आमच्या पेटीतही एक रबरबँड लावलेली गड्डी निघाली. ती त्या बोटभर फटीतून आत कशी गेली, हा चमत्कार आमच्या देवस्थानच्या इतिहासात पहिलाच. पुढे रिझर्व्ह बँकेने मोजदाद करून सांगितलं की १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. म्हणजे काळा पैसा देशात जवळजवळ नव्हताच, किंवा सगळ्याला कुठे ना कुठे आंघोळ घातली गेली. वाचकांनी आपापल्या श्रद्धेनुसार अर्थ लावावा.

शहरातल्या सुशिक्षितांमध्ये उलटी गंगा वाहते. तिथे चेक आत जातो आणि रोकड बाहेर येते, संस्थेचं कमिशन कापून. हातात पावती राहते आणि करात सूट मिळते. निव्वळ धार्मिक ट्रस्टला अशा सुटीची मान्यता सहसा मिळत नाही, म्हणून देवळामागे एखादं 'सेवाभावी प्रतिष्ठान' काढावं लागतं. त्याच्या अहवालात गरीब विद्यार्थ्यांचा एक फोटो असतो. दरवर्षी तोच. मुलं कधी मोठीच होत नाहीत.

हे वाचून कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर जरा व्हॅटिकनकडे बघावं. पैशाइतका सर्वधर्मसमभाव दुसऱ्या कुणात नाही. तिथली बँक १९४२ साली पोपनेच काढली. १९८२ साली तिच्याशी व्यवहार असलेली मिलानची बँको अँब्रोसियानो बुडाली आणि तिचे अध्यक्ष रॉबर्टो काल्वी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले सापडले, कपड्यांत विटा कोंबलेल्या. वीट म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवतं. इटलीतल्या बँकवाल्यांना तो पूल आठवत असणार. व्हॅटिकनने चूक कबूल केली नाही, पण 'नैतिक' जबाबदारी म्हणून धनकोंना जवळपास २४ कोटी डॉलर दिले. नीतीची एवढी बाजारभावाने किंमत क्वचितच लागते. आणि २०१३ च्या जानेवारीत तर मनी लाँडरिंगविरोधी नियम पुरेसे पाळत नाहीत म्हणून तिथली कार्डयंत्रंच बंद पडली. मायकेलअँजेलोचं छत बघायला आलेले लोक तिकिटासाठी सुटे युरो शोधत होते.

"तुम्ही त्या गृहस्थांना काय सांगितलं?" मी काकांना विचारलं.

"पॅन कार्डाची झेरॉक्स आणा म्हटलं. तर म्हणाले, देवाच्या कामात कसलं पॅन? म्हटलं, देवाला नको, मला हवंय."

"मग?"

"चप्पल घालून गेले. मागच्या गल्लीत नवीन मठ होतोय ना, तिथे आता मंडपाचं काम जोरात आहे म्हणतात."

नाणी पोत्यात भरून आम्ही सोमवारी बँकेत गेलो. रुपयाची, दोनची, पाचची. अकरा हजार आणि काही. शिर्डीतसुद्धा २०२३ साली नाणी ठेवायला जागा नाही म्हणून बँकांनी हात वर केले होते, मग आमच्या शाखेची काय कथा. कॅशियरबाईंनी पोत्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, एवढं मोजायला माणूस कुठून आणू? नोटा असत्या तर लगेच मशीनला लावल्या असत्या."

पोतं परत रिक्षात चढवलं. देवळापाशी उतरल्यावर काकांनी गाठ सोडून चाळीस रुपये मोजून काढले. रिक्षावाल्याने हात मागे घेतला आणि हँडलला चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला.