वेळेअभावी : संयोजकांना एक अनावृत पत्र

प्रति,
माननीय संयोजक,
व्याख्यानमाला, परिसंवाद, प्रबोधन मेळावा, जनजागृती सप्ताह वगैरे,
मुक्काम भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी किंवा लाखांदूर (आज जिथे मंडप पडला असेल तिथे)



परवाचा आपला 'राजकारण, आरोग्य आणि समाज : दशा आणि दिशा' हा परिसंवाद निर्विघ्न पार पडला, त्याबद्दल प्रथम हार्दिक अभिनंदन. हॉल भरलेला, एकाला तीन विषय, आणि तरीही आपण एकाही श्रोत्याला तोंड उघडू दिले नाही. एका आजोबांनी प्रयत्न केला, त्यांच्याकडे नंतर येतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. जाणत्या माणसांनी बोलावे, लोकांनी ऐकावे आणि मग लोकांनीही आपसात बोलू लागावे, असे काहीसे त्यांच्या मनात असणार. यातल्या शेवटच्या भागात केवढा धोका आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. आपल्या लगेच आले. आपण त्याचा असा पक्का बंदोबस्त केला आहे की बघत राहावे.

पत्रिकेत वेळ सकाळी अकराची होती. सव्वाअकराला सूत्रसंचालकांनी सांगितले, "साहेब मौद्याला पोचले आहेत." बाराला साहेब मौद्यालाच होते. साडेबारालाही मौदा. नागपूर ते भंडारा जेमतेम साठ किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, पण प्रमुख पाहुण्यांची गाडी मौद्याच्या पुढे कशी सरकत नाही, हा स्वतंत्र परिसंवादाचा विषय आहे. मधल्या वेळेत चार शेर झाले, एक स्वागतगीत झाले आणि "मागच्या खुर्च्यांवरच्यांनी कृपया पुढे यावे" अशी विनंती झाली. पुढे सोफा होता. त्यावर कोणी बसायचे नसते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी हलले नाही.

श्रोते कुठून आणले तेही पाहिले. अर्धा हॉल राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरापोरींचा, त्यांना हजेरी हवी होती. उरलेल्यात बचत गटाच्या बाया, ज्यांना आशाताईंनी गोळा केले होते. आणि आशाताईंना कोणी गोळा केले ते त्या बिचाऱ्या सांगू शकत नाहीत. वहीवर सह्या झाल्या. फ्लेक्स धरून फोटो झाला. खरे तर कार्यक्रम तेव्हाच संपला होता, पण आपण सभ्यता म्हणून पुढचे चार तास चालू ठेवला.

मग पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. व्यासपीठावर तेरा जण. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, रोपटे आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह प्लास्टिकचे, वर सोनेरी मुलामा. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या शहरात पाहुण्याच्या हाती प्लास्टिक देणे आणि कोशाचे कापड विणणाऱ्या आंधळगावच्या जिल्ह्यात त्याच्या खांद्यावर पॉलिस्टरची शाल टाकणे, याला वेगळीच हिंमत लागते. तेवढ्यात लक्षात आले की एका माजी पदाधिकाऱ्याचे नाव राहिले. चौदावी खुर्ची आली. चौदावी शाल नव्हती, म्हणून पहिलीच घडी करून पुन्हा आली. हे मी फार जवळून पाहिले, कारण शाल नेणारा मुलगा माझ्याच बाजूने वाकून गेला.

आता विषयाकडे वळतो. आपण वळला नाहीत, म्हणून मलाच वळावे लागते.

राजकारणावर बोलणारे गृहस्थ नागपूरचे होते. नागपूरहून आमच्याकडे दोन गोष्टी अखंड वाहत येतात, एक वक्ते आणि दुसरी नाग नदी. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्द धरणाची भिंत आहे म्हणून ते सगळे तिथेच तुंबते. ते पाणी आमच्या नळाला येते. वक्ते निदान संध्याकाळी परत जातात. गृहस्थ लोकशाहीच्या भवितव्यावर सत्तर मिनिटे बोलले. युरोप आला, अमेरिका आली, गोसीखुर्द मात्र आले नाही. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्चाचा आकडा पुढे अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. एवढ्या वर्षांत त्यावर झालेली भाषणे कालव्यात सोडली असती तर शेवटच्या टोकाची बांधीही भिजली असती.

गृहस्थांनी १९५४ चा उल्लेख मात्र केला, तो सगळेच करतात. "याच भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती!" टाळ्या. ती ते हरले, हे वाक्य टाळ्यांत बुडाले. का हरले, त्यांना मते कोणी दिली नाहीत, ती न देणाऱ्यांची नातवंडे आज याच हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवत आहेत का, असले विषय काढायला आपल्याकडे वेळ नव्हता. २०१८ च्या मे महिन्यात इथेच पोटनिवडणूक झाली तेव्हा मतदानाची यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली, कारण उन्हाचे सांगितले गेले आणि ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले. यंत्रेसुद्धा जिथे हात टेकतात त्या उकाड्यात आपले वक्ते सत्तर मिनिटे चालतात. निवडणूक आयोगाने याची नोंद घ्यायला हवी.

आरोग्याच्या वाट्याला बारा मिनिटे आली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, त्यांचा यात काही दोष नाही. सिकलसेलवर बोलायला आल्या होत्या, आणि या पट्ट्यात त्यावर बोलायलाच हवे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासा, पत्रिका नंतर पाहा, हे त्यांनी दोन मिनिटांत स्वच्छ सांगितले. सगळ्या दिवसात कामाचे एवढेच झाले. मग चिठ्ठी आली, 'कृपया आवरते घ्या'. बाईंनी आवरले. त्या खाली उतरल्यावर निळ्या ओढणीची एक मुलगी त्यांच्या मागे मागे दारापर्यंत गेली. ठरलेले लग्न मोडायचे का, की करायचे आणि गरोदरपणी तपासण्या करायच्या, की तिसरेच काही, असे काहीतरी तिच्या तोंडावर होते. बाईंना फोटोसाठी परत बोलावले. मुलगी गेली. तुमच्या अहवालात 'लाभार्थी' म्हणून तिची सही असेलच.

इथे थोडा वेळ चेष्टा बाजूला ठेवतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली. दहा गेली. मंत्री आले, चौकशी समिती बसली, अहवाल आला, काही जण निलंबित झाले आणि 'फायर ऑडिट' हा शब्द राज्यभर झाला. तेव्हापासून मी आपल्या कार्यक्रमांच्या पत्रिका जपून ठेवतो. त्यांत ताणमुक्ती आहे, 'आनंदी जगण्याचा पासवर्ड' आहे, मधुमेह उलटवण्याची युक्ती आहे. रात्री दोन वाजता धूर झाला तर आपल्या दवाखान्यातून रुग्णाला बाहेर कोण काढणार, रात्रपाळीला माणसे किती, दाराची किल्ली कोणाकडे, हा विषय मला एकाही पत्रिकेत सापडला नाही. कदाचित त्यासाठी वक्ता मिळत नसेल. वक्ता कशाला हवा? आरोग्य खात्याचा एक अधिकारी व्यासपीठावर आणि समोर लोक, एवढे पुरे.

समाजावरच्या भाषणात 'पुरोगामी महाराष्ट्र' बरेच वेळा आला. फुले आले, शाहू आले, आंबेडकर आले. खैरलांजी आली नाही. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारले, आणि आपल्या हॉलपासून ते गाव काही परमुलखात नाही. 'सामाजिक सलोखा' या विषयावर या जिल्ह्यात बोलायचे आणि ते नाव उच्चारायचे नाही, हे कसब मी अनेक वक्त्यांत पाहिले आहे. आपण त्यांना आधी फोन करून सांगता की ते आपणहून ओळखतात?

आता आजोबा. आभारप्रदर्शनाच्या आधी सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत." तेवढ्यात धोतर-टोपीतले एक म्हातारे उभे राहिले. माईक त्यांना कोणी दिला नाही, पण बांधावरून बांधावर हाक मारण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला माईक लागत नाही. म्हणाले, "सायेब, येक इचारू का जी? धानाचा काटा होऊन तीन महिने झाले. चुकारे कवा भेटतीन?"

हॉलमध्ये पहिल्यांदाच लोक जागे झाले. सूत्रसंचालक गोड हसून म्हणाले, "आजोबा, विषयाला धरून बोला. बसा."

संयोजक महोदय, मला एवढेच कळत नाही, आजोबा विषय सोडून नेमके कधी बोलले? धानाचा हमीभाव दिल्ली ठरवते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरला. बोनस मुंबई ठरवते, आणि निवडणूक जवळ आली की जरा लवकर ठरवते. हे राजकारण. चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, अडकले की म्हातारीचे नागपूरचे औषधपाणी अडकते. हे आरोग्य. आणि त्याच पैशांवर नातीचे लग्न ठरलेले असते, ते पुढे गेले की सोयरे काय म्हणतील, बारदाना संपला म्हणून कोणाचे धान महिनाभर उघड्यावर पडले आणि कोणाचे पहिल्याच दिवशी मोजले गेले, हा समाज. पाच वक्त्यांना चार तासांत जे जमले नाही ते आजोबांनी तीन वाक्यांत आटोपले होते. सत्कार खरे तर त्यांचा व्हायला हवा होता. चौदावी शाल अजून उबदार होती.

आपण म्हणाल, आमच्या लोकांना बोलताच येत नाही, माईक दिला की भलतेच बोलतात. पोळ्याच्या दिवशी गावात या. तोरणाखाली बैल उभे असतात आणि झडत्या सुरू होतात. खताचा भाव, गेलेली वीज, सावकार, सरपंच, आमदार, सगळ्यांचा हिशेब चार ओळींत होतो आणि ज्याच्यावर झडती पडली तोही तिथेच उभा राहून हसत असतो, कारण न हसला तर पुढची झडतीही त्याच्यावरच येते. भाऊबीजेनंतर मंडई भरते, रात्री दंडार होते, त्यातला सोंगाड्या समोर बसलेल्या पुढाऱ्याला सरळ विचारतो की रस्ता कुठे गेला. समोरून प्रेक्षक उत्तर देतात. गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. म्हणजे बोलायची सवय या मातीला जुनी आहे. आपल्या हॉलमध्ये शिरताना ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची असते, असा समज तेवढा आपण रुजवलात.

ग्रामसभेचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण तिथेही आपलीच शिकवण पोचली आहे. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. तेव्हा पहिल्या सभेला कोणी येऊ नये याची काळजी घेतली की दुसरी सुरळीत पार पडते. आपल्या परिसंवादापेक्षाही हे सरस आहे. इथे सोफ्याचाही खर्च नाही.

तरी पुढचा परिसंवाद आपण घेणारच. घ्या. माझे मागणे छोटे आहे. पाहुणे मौद्याला असतात तो दीड तास आम्हाला द्या. माईक खाली उतरवा आणि बायांच्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करा, कारण पुरुषांकडून सुरू केला तर तो तिथपर्यंत पोचत नाही. येतील ते प्रश्न फळ्यावर लिहा. पाहुणे आले की त्यांना शाल देऊ नका, फळा दाखवा. ज्या प्रश्नाचे उत्तर येत असेल त्याचे द्यावे, येत नसेल तर तसे सांगावे आणि खाली येऊन बसावे. लोक त्यांचा मान राखतील, आमच्याकडची माणसे पाहुण्याला कधी उपाशी पाठवत नाहीत. खरेदी केंद्राच्या आणि दवाखान्याच्या जबाबदार माणसांना निमंत्रण लेखी पाठवा, म्हणजे ते आले नाहीत तर त्यांची खुर्ची नावासकट रिकामी ठेवता येईल.

खुर्च्या लावायला मी सकाळी नऊला येतो. खडू आणि फळाही आणतो. आपण फक्त आजोबांच्या घरी पत्रिका पोचती करा.

आपला,
मागच्या रांगेतला एक श्रोता