कळमेश्वरची भरती

‘भरती’ हे ‘भरणे’ या क्रियापदापासून झालेले नाम असून, चंद्रसूर्यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी ठरावीक काळाने चढते त्यास कोकणात ते लावले जाते. परंतु नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर येथे, जेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, हा शब्द कोकणाहून अधिक वेळा उच्चारला जात असावा, असे मानण्यास सबळ आधार आहे.

विदर्भात रुग्ण ‘दाखल’ होतो तो वर्तमानपत्रात. घरात त्याला ‘भरती’च करतात, आणि ‘भाऊजीला भरती केलं’ एवढे कानी पडताच नातेवाईक नागपूरच्या गाडीची वेळ पाहू लागतात. घर बांधणाऱ्याची भरती वेगळी. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून प्लॉटवर मुरमाची, म्हणजे झिजलेल्या खडकाच्या भरड मातीची, भरती टाकावी लागते. शेजाऱ्याने ती दोन फूट जास्त टाकली, की आषाढात त्याचे पाणी आपल्या अंगणात शिरते आणि शब्दाचा सागरी अर्थ विनासायास सिद्ध होतो.

तथापि या शब्दाचे खरे वैभव पोलीस भरतीत आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धापा टाकत धावणारे तरुण व्यायामासाठी धावत नसून ‘भरतीची तयारी’ करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. समुद्राची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. अमावास्या-पौर्णिमेस ती मोठी असते तेव्हा तिला उधाण म्हणतात, अष्टमीच्या सुमारास लहान असते तेव्हा भांग. सरकारी भरतीचे पंचांग मात्र अद्याप कोणास मांडता आलेले नाही; निवडणुका जवळ आल्या की तिला उधाण येते, एवढेच निरीक्षण पारावर मांडले जाते, आणि एरवीचा दीर्घ भांग वयोमर्यादा ओलांडेपर्यंत टिकू शकतो.

‘ओहोटी’ची अवस्था या प्रदेशात दयनीय आहे. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्यास ‘सुट्टी’ होते, नोकरीतून बाहेर पडणारा निवृत्त होतो, मुरूम खचतो. ओहोटी कोणाचीच होत नाही, ती भूगोलाच्या पुस्तकात दोन गुणांपुरती उरली आहे. (भांगेचे तसे नाही, तिला होळी आहे.)

समुद्राची आणि नोकरीची, अशा दोन्ही भरती एकाच माणसाच्या वाट्याला येण्याचा सरळ मार्ग म्हणजे नौदलात भरती होणे. पण तेथेही शब्द आपला खोडकरपणा सोडत नाही. कारण नव्या नौसैनिकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’ येथे होते, आणि त्यामुळे भरतीनंतर कळमेश्वरच्या मुलाची पहिली गाठ पडते ती एका सरोवराशी.