फोनबदलू

फोनबदलू हा मध्यमवर्गीय नोकरदारांत आढळणारा, साधारण तिशी ते पन्नाशीतला गृहस्थ. दर दीड-दोन वर्षांनी तो अँड्रॉइडवरून आयफोनवर आणि आयफोनवरून अँड्रॉइडवर ये-जा करतो. दर वर्षी नवा फोन घेणारा हौशी माणूस वेगळा. हौशी माणसाला नवेपणा हवा असतो, याला न्याय हवा असतो. जुन्या फोनने त्याच्यावर अन्याय केलेला असतो. सॅमसंग सोडून वनप्लस घेणे ही गोष्ट तो बदलात धरत नाही. ते वॉर्ड बदलून त्याच पक्षाचे तिकीट घेण्यासारखे झाले.

या वर्गातले बहुतेक लोक नोकियावर वाढले. २०१० नंतरच्या दशकात सिंबियन, ब्लॅकबेरी आणि विंडोज फोन एकामागून एक निवर्तले आणि पर्याय दोनच राहिले. तेव्हापासून फोनबदलूच्या नशिबी फक्त जाणे आणि परत येणे आहे.

आयफोन घेण्याचे सांगायचे कारण सुरक्षितता हे असते. खरे कारण साडू असतो. साडूने दिवाळीत घेतला की याला आपल्या फोनमधले फोटो एकाएकी पिवळट दिसू लागतात, आणि पाडव्याला हप्ते बांधून आयफोन घरी येतो.

डेटा हलवण्याचे काम शनिवारी रात्री चालते. त्यासाठी ॲपलने २०१५ साली ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे ॲप काढले. नंबर, फोटो, मेसेज त्यातून बिनबोभाट जातात. घोडे अडते ते व्हॉट्सॲपवर. अँड्रॉइडवरचे जुने चॅट आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये झाली, पण या वाटेने जायचे तर आयफोन कोरा हवा. फोनबदलू आधी फोन चालू करतो, वॉलपेपर लावतो, स्वयंपाकघरात जाऊन बायकोचा नको असलेला फोटो काढतो आणि मग ही अट वाचतो. साडेअकराला सगळे पुसून पुन्हा श्रीगणेशा. दोन्ही फोन चार्जिंगला लावून टीपॉयवर शेजारी ठेवले जातात आणि घरातल्यांना तिकडे फिरकायची बंदी होते. (ज्या गुड मॉर्निंग संदेशांसाठी हे जागरण, ते त्याने एकदाही उघडलेले नसतात.)

यूपीआय वेगळे लावावे लागते, कारण ते सिम आणि फोन या जोडीला बांधलेले असते. पडताळणीचा एसएमएस अँड्रॉइडवर ॲप स्वतःच पाठवते. आयफोनवर मेसेज लिहून समोर येतो, ‘पाठवा’चे बटण माणसाने दाबायचे. हे न कळल्यामुळे रविवारी सकाळी मेथीच्या दोन जुड्या हातात धरून फोनबदलू भाजीवाल्याकडे फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत उभा राहतो. पैसे बायको देते, रोख.

पुढचा आठवडा अंगठ्याचा. नव्या अँड्रॉइडवर दोन्हींपैकी कुठल्याही कडेने बोट सरकवले की मागे जाता येते, आयफोनवर फक्त डाव्या. फोनबदलू उजवी कड घासत राहतो आणि फोन हँग झाल्याचे जाहीर करतो. चार्जरची कटकट मात्र मिटली. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आला आणि घरात एकच वायर पुरू लागली. आपण तक्रारी केल्यामुळेच कंपनी वठणीवर आली, अशी त्याची समजूत आहे. त्यात युरोपीय संघाच्या कायद्याचाही थोडा हात होता.

परतीची कारणे पहिल्या महिन्यातच साठू लागतात. त्यांत कॉल रेकॉर्डिंगचा मान पहिला. काही अँड्रॉइड फोनांवर ते गुपचूप होत असे आणि सोसायटीच्या अध्यक्षांची गळतीबद्दलची तीन वर्षांची आश्वासने त्याने जपून ठेवलेली असतात. आयफोनवर ही सोय २०२४ मध्ये आली खरी, पण संभाषण रेकॉर्ड होत असल्याची सूचना दोघांनाही ऐकू येते. ती ऐकताच अध्यक्ष गळतीचा विषय सोडून पावसापाण्याबद्दल बोलू लागतात. असा फोन काय कामाचा? दीड वर्षाने फोनबदलू स्वगृही परततो. तिथे पोचताच व्हिडिओत पूर्वीची मजा नाही, हे त्याच्या लक्षात येते.

वस्तुस्थिती अशी की दिवसभरात तो व्हॉट्सॲप, यूट्यूब, यूपीआय, कॅमेरा आणि लोकलच्या वेळा सांगणारे एम-इंडिकेटर एवढेच उघडतो, आणि ही पाचही कामे दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होतात. हे त्याला सांगू नये; सांगितल्यास बदलात न धरलेल्या त्या वनप्लसवाल्यांच्या यादीत आपले नाव पडते.

कोणता फोन घ्यावा हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो या महिन्यात जो वापरतो आहे त्याचेच नाव सांगेल. मात्र जुना फोन घ्यायचा असेल तर याच माणसाकडून घ्यावा. काच पहिल्या दिवसापासून झाकलेली, बिल जपून ठेवलेले आणि किंमत रागाच्या भरात ठरवलेली असते. खोकाही मिळतो.