परीक्षानळी न फोडता शास्त्रपारंगत कसे व्हावे

माध्यमिक शाळेच्या इमारतीत, बहुधा वरच्या मजल्याच्या अगदी टोकास, जी एक खोली वर्षातील बहुतेक दिवस कुलपात असते, जिच्या धुरकट तावदानांतून दोन-चार बाटल्या आणि भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता एवढेच काय ते बाहेरून दिसते, आणि जिच्याविषयी खालच्या इयत्तांतील मुलांत ‘तिथे खऱ्या माणसाचा सांगाडा आहे’ अशी वदंता वर्षानुवर्षे चालत आलेली असते, त्या खोलीस प्रयोगशाळा असे म्हणतात. तेथे प्रवेश कसा करावा, आत कोणत्या वस्तूस काय म्हणावे, कशास हात लावावा आणि कशास लावू नये (यांपैकी दुसरी यादी पहिलीहून पुष्कळच मोठी आहे) यासंबंधी नवागत विद्यार्थ्यांची नेहमी धांदल उडते. ती टळावी आणि त्यांच्या हातून शास्त्राची, विशेषतः शास्त्राच्या काचसामानाची, हानी होऊ नये, एवढ्याच सद्‌हेतूने हे मार्गदर्शन सादर केले आहे.

पहिला तास केवळ दर्शनाचा समजावा. विद्यार्थ्यांनी ओट्यापासून हातभर अंतर राखून, हात पाठीमागे बांधून, उंचीच्या क्रमाने उभे राहावे. शिक्षक कपाटातून एकेक पात्र काढतील, उजेडाकडे धरतील, त्याचे नाव उच्चारतील. वर्गाने ते एका सुरात म्हणावे. मग पात्र कपाटात परत जाईल. चंचुपात्र, शंकुपात्र, मोजपात्र, बाष्पनपात्र, गोल बुडाचा चंबू, नरसाळे, काचकांडी, तिपाई असा हा पाठ चालतो. एखाद्या चौकस मुलास शंका येते की, शंकुपात्राचा तळ एवढा ऐसपैस आणि मान एवढी अरुंद कशासाठी? वास्तविक एमिल एर्लेनमायर या जर्मन रसायनज्ञाने 1860 साली हे पात्र पुढे आणले ते अशासाठी की, आतला द्राव हाताने गरगर फिरवून ढवळता यावा आणि तसे करताना त्याचा थेंबही बाहेर उडू नये. परंतु फिरवले असता पात्र हातातून निसटण्याचा संभव असल्यामुळे हा भाग आपल्या शाळांतून गाळलेला आहे. शंकुपात्राचा उपयोग त्याची आकृती काढण्यापुरता आहे, आणि आकृतीत ते आजवर कधी फुटलेले नाही.

यानंतर साठ्याच्या नोंदवहीचा परिचय करून घ्यावा, कारण तिच्यावाचून पुढील नियमांचे मर्म उलगडत नाही. शाळेतील प्रत्येक चंचुपात्रास या वहीत अनुक्रमांक, खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा असे चार-चार रकाने बहाल केलेले असतात. ते फुटले तर त्याचे तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात जतन करावे लागतात, घटनेची कैफियत लिहावी लागते, तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर ते तुकडे रुजू करावे लागतात, आणि त्यांच्या सहीने निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत, मग त्यास दोन वर्षे लागोत की पाच, ते चंचुपात्र सरकारदरबारी सुस्थितीत असल्याचे गृहीत धरले जाते. विद्यार्थ्याचे बोट कापल्यास मात्र टिंक्चर आयोडीनचा बोळा आणि ‘नीट बघून काम कर’ ही ताकीद एवढ्यावर प्रकरण निकालात निघते. आठवड्याभरात बोट भरून येते आणि दप्तरी त्याची काहीच नोंद उरत नाही. सबब काच आणि विद्यार्थी या दोहोंस एकसमयावच्छेदेकरून इजा झाली असता प्रथम कोणाकडे धावावे, याविषयी जाणत्या शिक्षकाच्या मनात संदेह उत्पन्न होत नाही.

काचेविषयीचा हा पूज्यभाव अगदीच अकारण आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या प्रांतात लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंड उभा राहिला आणि त्या फंडातून 1908 साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला, त्या प्रांताने काच जपून वापरावी हे योग्यच आहे. शिवाय सर्व काच एका जातीची नसते. साधी सोड्याची काच तापली की चांगलीच प्रसरण पावते, पण उष्णता तिच्यातून अगदी सावकाश जाते. त्यामुळे ज्योतीकडची बाजू फुगू पाहते, पलीकडची आपल्या जागेवरून हलत नाही, आणि या भाऊबंदकीत पात्र मधोमध तडकते. जर्मनीत येना येथे ऑटो शॉट यांनी सिद्ध केलेली बोरोसिलिकेट काच तेवढ्याच उष्णतेने सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापवण्याच्या कामी तीच वापरावी असे शास्त्र सांगते. शाळेत ती असते. ती महाग असल्यामुळे कपाटात ठेवतात, आणि तापवण्यासाठी साधी काच बाहेर काढतात.

आता नियमांकडे वळू. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तैलरंगात रंगवलेला जो नियमांचा फलक असतो, त्यात पहिला नियम ‘शांतता राखा’, दुसरा ‘परवानगीशिवाय कोणत्याही वस्तूस हात लावू नये’, तिसरा ‘मोडतोडीची भरपाई करावी लागेल’ असा असून, आम्लाचा नियम बहुधा नववा-दहावा असतो आणि त्याची निम्मी ओळ कपाटामागे गेलेली असते. ‘आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये’ हा तो नियम. परीक्षेत तो हमखास येतो, म्हणून विद्यार्थी तो घोकतात. आणि घोकलेल्या वाक्याचे दोन्ही भाग सारख्याच लयीचे असल्यामुळे नेमके कोणते कशात, याची आदलाबदल होऊन बसते. कारण ठाऊक असलेल्यास हा घोटाळा होत नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या 1.84 पट जड असते. त्यात पाणी ओतले तर ते वरच तरंगते, दोहोंच्या संयोगाने निघणारी सगळी उष्णता त्या वरच्या थरात साठते, पाणी क्षणात उकळते आणि आम्ल सोबत घेऊन तोंडावर उडते. उलट आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने सोडले, काचकांडीने ढवळत राहिले, तर ते खाली जाता जाता आपली उष्णता सगळ्या पाण्यात वाटून टाकते. परंतु उत्तरपत्रिकेत एवढे लिहीत बसू नये. ‘धोका संभवतो’ असे लिहिले की गुण मिळतो.

बुन्सेनचा दिवा ओळखणे सोपे आहे. पुस्तकात ज्याच्या पानभर आकृतीखाली सहा नावे दिलेली असतात आणि ओट्यावर जो नसतो, तो बुन्सेनचा दिवा. हायडेलबर्ग विद्यापीठात 1855 साली रॉबर्ट बुन्सेन यांच्यासाठी पीटर देझागा या कुशल कारागिराने तो घडवला. पेटवताना त्याचे हवेचे छिद्र बंद ठेवावे, काडी आधी पेटवावी आणि गॅस मागाहून सोडावा. काम थांबले की छिद्र पुन्हा बंद करून ज्योत पिवळी करावी, कारण निळी ज्योत भर उजेडात दिसत नाही आणि बाही तिच्यात कधी शिरली हे बाहीच्या मालकास वासावरून कळते. आपल्या बहुसंख्य शाळांत गॅस नसल्यामुळे हे सर्व ज्ञान निर्धोक आहे. प्रत्यक्षात स्पिरिटचा दिवा मिळतो. तो फुंकून विझवू नये, टोपण घालून विझवावा, आणि एका दिव्यावर दुसरा तिरपा धरून कधीही पेटवू नये, कारण स्पिरिट सांडून भडका उडतो. तथापि वर्गास मंजूर झालेल्या काडेपेटीत तीनच काड्या शिल्लक असतील, तर नियम आणि काटकसर यांच्या कलहात काटकसरीचा पक्ष घेण्याचा प्रघात आहे.

या बुन्सेनसाहेबांचा एक डोळा आर्सेनिकच्या कॅकोडिल संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात कायमचा गेला. डोळे झाकणारा संरक्षक चष्मा म्हणूनच हवा. तो शाळेत असतो, एक असतो, आणि त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नसतो.

परीक्षानळी तापवताना ती तिरपी धरावी, तिचा तिसरा हिस्साच भरावा, ती ज्योतीत सारखी हलवत राहावी आणि तिचे तोंड कोणाकडेही रोखू नये. हा नियम ज्याने रचला त्याच्या वर्गात बहुधा दहाच विद्यार्थी असावेत. जेथे एका ओट्याभोवती साठ जण दाटीवाटीने उभे असतात, तेथे नळीचे तोंड ‘कोणाकडेही नाही’ अशी दिशा शोधण्यासाठी ते छताकडे करावे लागते, आणि नळी सरळ उभी धरली की खालची वाफ वरच्या द्रावास उसळी देऊन बाहेर फेकते. रबरी बुचात काचनळी बसवताना बूच आणि नळी ओली करावी, हाताभोवती फडके गुंडाळावे, नळी बुचाच्या अगदी लगत धरून हळूहळू फिरवावी. लांबून धरून रेटली असता ती मोडून थेट तळहातात शिरते. फलकावर हा नियम नसतो, जागा संपलेली असते.

कोणत्याही द्रव्याची चव घेऊ नये. कार्ल शीले यांनी आपण शोधलेल्या द्रव्यांची चवही नोंदवून ठेवली, त्यांत हायड्रोसायनिक आम्लसुद्धा आले, आणि 1786 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी ते निवर्तले. वास घ्यायचाच तर बाटलीत नाक न खुपसता हाताने वाफ आपल्याकडे वारावी. डेल्फ्ट येथील औषधविक्रेते किप यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड निघू लागला म्हणजे मात्र वारण्याची गरज पडत नाही. तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत आपला आपण जातो. हा वायू अधिक प्रमाणात असला तर घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणून वास येईनासा झाला की संकट टळले असे न मानता खोलीबाहेर पडावे. ‘वास सडक्या अंड्यासारखा’ असे लिहिण्याची वहिवाट आहे. ज्या घरांत ताजे अंडेही कधी आलेले नाही, त्या घरांतील मुलांनीही तसेच लिहावे.

प्रयोगशाळेतील खरा अधिकार कोणाचा, हे ओळखण्यास विद्यार्थ्यास फार दिवस लागू नयेत. हंफ्री डेव्ही यांच्या डोळ्यांस 1812 साली नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने इजा झाली, तेव्हा त्यांनी लेखनाच्या कामास एका बुकबाइंडर तरुणास बोलावले. पुढे 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधला जुना सहायक मारामारीपायी बडतर्फ झाला आणि ती जागा त्या तरुणास, म्हणजे मायकेल फॅरडे यांस, मिळाली. प्रयोगशाळेतल्या सहायकास कमी लेखू नये, याला एवढा दाखला पुरे. आपल्याकडे त्यांना ‘मामा’ म्हणतात. काड्या, बुचे आणि स्पिरिट त्यांच्या ताब्यात असते, आणि कोणत्या पुडीत कोणता क्षार बांधला आहे हे बहिःस्थ परीक्षकांच्याही आधी त्यांना ठाऊक असते.

“मामा, हे काय आहे हो?” असे परीक्षेत हलक्या आवाजात विचारावे.

“डोळे दिलेत ना देवानं? निळं काय असतं, बाळा?” असे उत्तर मिळते, आणि कॉपर सल्फेट सापडते.

राहता राहिली प्रयोगवही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या पाच मथळ्यांखाली, उजव्या पानावर शाईने आणि डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, वर्षाचे सर्व प्रयोग फेब्रुवारीच्या दोन रात्रींत पूर्ण करावेत. यासाठी मागील वर्षाच्या हुशार विद्यार्थ्याची वही लागते. ती उतरवताना निरीक्षणांचे आकडेही जसेच्या तसे घ्यावेत. स्वतः मोजलेला आकडा क्वचितच जुळतो, आणि न जुळणारा आकडा दिसला की परीक्षक प्रश्न विचारतात. ज्या मुलाने प्रत्यक्ष मोजपात्र डोळ्यांच्या पातळीस आणून पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ वाचला, त्याचे उत्तर पुस्तकाहून थोडे वेगळे येते आणि तो खोडतो. खोडाखोडीबद्दल एक गुण कापतात. नुसती उतरवलेली वही स्वच्छ असते, तिला पूर्ण गुण मिळतात, आणि तिच्यावर ‘प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले’ असे प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी चिकटवले जाते.

पालकांसाठी एकच सूचना. मुलगा किंवा मुलगी आठवीत गेली की जूनमध्ये शाळेत जावे, विज्ञानाचे तास आठवड्यात किती आणि त्यांपैकी प्रयोगशाळेत किती हे वेळापत्रकात पाहावे, आणि उत्तर समाधानकारक न वाटल्यास प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी. किल्ली सहसा कार्यालयात लिपिकाच्या टेबलाच्या खणात असते. ‘मामा आज रजेवर आहेत’ असे सांगितले, तर उद्या पुन्हा जावे.