हात कुणी लावला?

तालुक्याच्या गावात तहसील, एसटी स्टँड आणि एक रॅमभाऊ असतोच. आमचे कळंबचे. खरं नाव दाखल्यावर असेल, पण जुना डेस्कटॉप उघडला की आधी रॅम उपटायची या सवयीनं नाव पडलं ते पडलं. २००१ साली एमएस-सीआयटी निघालं आणि गल्लोगल्ली क्लास उघडले, त्यांतल्या एकात हे शिकवत होते. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

तहसीलसमोर अर्ज-दस्त टाइप करणाऱ्यांची रांग आहे. एखाद्या मशीननं सकाळी सकाळी डिस्प्ले दिला नाही की फोन जातो. आतला पंखा फिरतोय, मॉनिटरचा दिवा पिवळा लुकलुकतोय, पडदा मात्र काळाठिक्कर. रॅमभाऊ येतात आणि मशीनकडं न बघता विचारतात, "हात कुणी लावलाता?"

कुणीच लावलेला नसतो. पण त्याशिवाय पंचनामा पुढं सरकत नाही. काल झाडलं कुणी? फडकं ओलं होतं का? टेबल सरकवला का? दस्ताच्या कामाला आलेला भूमकडचा शेतकरी उगीचच आपले हात मागं घेतो.

मांडवात माइक गेला, हात कुणी लावला. पुतण्याची जमलेली सोयरीक मोडली, हात कुणी लावला. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या पडद्यावरचे आकडे एकाएकी गेले. बायको रडायला लागली, आणि हे गृहस्थ नर्सला विचारतात, "हात कुणी लावलाता?" बोटाची क्लिप सासऱ्यांनीच काढून उशीखाली ठेवली होती. तेव्हापासून तर विचारूच नका!

बरं, कामात माणूस पक्का. आधी केबल दोन्हीकडून दाबून बघणार. वेगळं डिस्प्ले कार्ड असलं तर केबल त्यातच आहे का, की मदरबोर्डच्या भोकात घातलीय, ते बघणार. मग वीज काढून झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची आणि तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं हलके घासायचे. फुंकर मारली की ओरडतात, "वाफ बसती!" पुढं रॅमशिवायच मशीन चालू करतात. आतला छोटा स्पीकर ठणाणा करायला लागला की चेहरा फुलतो. "बोंबलतंय म्हणजे जितं हाय." मग पट्टी दाबून बसवायची, दोन्ही बाजूंचे खटके टक्‌ टक्‌ वाजले पाहिजेत.

एवढ्यानंही भागलं नाही तर नाण्याएवढा सेल काढून घालतात. त्यानं मशीनचं कॅलेंडर थेट २००२ वर जातं. आतले जुने मसुदेही उस्मानाबाद जिल्ह्याचेच, त्यामुळे मशीनला त्यात काही वावगं वाटत नाही. धाराशिव करत बसायचं ते टाइप करणाऱ्यानं.

नवं मशीन का घेत नाहीत, असं शहाणी माणसं विचारतात. त्या डब्यात वीस वर्षांचे दस्तांचे नमुने आहेत, श्री-लिपीत टाइप केलेले. तो फाँट नसलेल्या संगणकावर ते उघडले की नुसती गिचमिड दिसते. विंडोज एक्सपीला कंपनीनं २०१४ सालीच वाऱ्यावर सोडलं, पण खातेफोडीचे अर्ज काही थांबले नाहीत.

खोडरबरानं भागत नाही तेव्हा रॅमभाऊ कुंथलगिरीच्या पेढ्यांचा रिकामा डबा उघडतात. त्यात मेलेल्या मशीनांच्या पट्ट्या, जुनं वर्तमानपत्र फाडून एकेक गुंडाळलेली. दुकानात आता तसल्या मिळत नाहीत. एक बसवतात आणि पैसे विचारले तर म्हणतात, "जुनी हाय, धरू नका." चहा मात्र घेतात, तोही त्या रांगेतल्या कुणाचा तरी उधारीचा. माणूस कटकट्या खरा, पण त्याच्याविना तहसीलसमोरच्या कितीतरी चुली त्या दिवशी पेटल्या नसत्या, हे मलाही कबूल करावं लागतं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. डिस्प्ले नाही. रॅमभाऊंनी बारीक स्क्रू काढून पाठ उघडली. रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन चिकटवलेली. उलटासुलटा करून पाहिला, खोडरबर खिशातच राहिला. मुलगी म्हणाली, सर्व्हिस सेंटरवाले अख्खा बोर्ड बदला म्हणतात. रॅमभाऊंनी बोर्डाची किंमत विचारली.

"एवढ्यात," ते स्क्रू लावत म्हणाले, "मी तहसीलसमोरची अख्खी रांग धा वर्षं चालवतो."