पाहुण्यांचा पीएच

समुद्राच्या सगळ्या सद्गुणांचं मूळ एकच : तो मोठा आहे. दोन मासे मेले, चार जन्मले, कुणी काही सोडलं, कुणी काही उपसलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. आमच्या हॉलमधला समुद्र 200 लिटरचा आहे. रात्री त्यात चिमूटभर खाणं जास्त पडलं, तर सकाळी मला जाब द्यावा लागतो.

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारा माणूस मासे पाळतो, असा लोकांचा समज असतो. मासे आपलं आपण बघतात. पाळावं लागतं ते पाणी. लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, पीएच 8.1 ते 8.4, अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच, कॅल्शियम 420च्या आगेमागे, मॅग्नेशियम 1300च्या, तापमान 26, अमोनिया शून्य. पत्रिकेत 36पैकी 18 गुण जुळले तरी लग्न लागतं. इथं तेवढ्यावर भागत नाही. त्यातही मेख अशी की, आकडा जरा इकडेतिकडे असला तर मासे चालवून घेतात, पण तो हललेला चालवून घेत नाहीत. अल्कलिनिटी 8 चालते, 9 चालते, सोमवारी 8 आणि गुरुवारी 10 मात्र अजिबात चालत नाही. नळाला पाणी कधी येईल, कामवाल्या मावशी येतील की नाही आणि रात्री ताटं किती मांडायची, यातलं काहीही ज्या घरात आदल्या दिवशी ठरलेलं नसतं, त्या घरात दोन क्लाउनफिशना स्थैर्य हवं असतं.

शेजारच्या काकांना माझी दया येते. "अहो, ठाण्यात राहता. समुद्र काय पळून चाललाय? दोन कॅन भरून आणायचे, विषय संपला." तारापोरवाला मत्स्यालयाचा दाखला त्यांच्या तोंडी तयार असतो. 1951 साली मरीन ड्राइव्हवर ते झालं, तिथं समुद्राचं पाणी थेट पाइपानं आत घेण्याची सोय होती. मुंबईच्या किनाऱ्याला आज किती सांडपाणी मिळतं, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा कसा उतरतो, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "मग त्यातलं पापलेट कसं खाता?" मी विषय बदलला.

तर मीठ विकत येतं आणि आरओच्या पाण्यात कालवलं जातं. किंमत ऐकल्यावर आईनं स्वयंपाकघरातली बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. समुद्राच्या क्षारांत साधं मीठ सुमारे 85 टक्केच असतं, बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे मंडळी, असं मी सांगितलं. "म्हणजे तू उरलेल्या 15 टक्क्यांचे पैसे भरतोस," आई म्हणाली आणि बरणी परत घेऊन गेली. मे महिन्यात टँकमधलं पाणी बघताबघता उतरतं, तेव्हा मी वरून बिनमिठाचं पाणी घालतो. वाफ पाण्याची होते, मीठ आत तसंच राहतं. हे मात्र आईला सांगावं लागलं नाही. आमटी आटली की काय होतं हे ती जाणून होती.

घरच्यांचा या शास्त्राशी खरा संबंध आला तो नायट्रेटच्या चाचणीमुळे. नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब आणि पूड घालून हलवायचं, थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. फिकट गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत सहा-सात चौकोन. मला ते सगळे सारखे दिसतात. बायकोनं नळी खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, "अबोली आहे." आई म्हणाली, "अबोली कसली, गुलबक्षीकडे झुकलाय." तक्ता छापणाऱ्याला या रंगांचा पत्ता नव्हता. शेवटी दोघींनी लग्नातल्या साड्या काढल्या. तेव्हापासून आमच्या वहीत नायट्रेट गुलबक्षी असलं की पाणी बदलतात आणि राणी रंगावर गेलं की माशांचं खाणं एक दिवस बंद. माझ्या मते हे मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरवशाचं आहे.

पीएचचं दुखणं मात्र साडीनं भागणारं नव्हतं. तो उतरायचा, आणि उतरायचा तो नेमका सणावारी. कारण अगदी साधं निघालं. माणसं श्वास सोडतात. हॉल बंद, एसी चालू, आत पंधरा माणसं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो, कार्बोनिक आम्ल तयार होतं. गणपतीत मंत्रपुष्पांजली सुरू झाली तेव्हा मीटर 7.9 दाखवत होता, आणि वर कापूर जळत होता. माझे हात जोडलेले होते, पण नजर देवावर नव्हती हे आईच्या लक्षात आलं.

त्यात मेहुणे मुक्कामाला. ते योगाचे. रोज पहाटे टँकला टेकून भस्त्रिका करायचे, भात्यासारखी. पहाटे टँकचा पीएच मुळातच तळाला असतो, कारण रात्रभर अंधारात शेवाळं कार्बन डायऑक्साइड घेत नाही. जावयाला, तेही श्वास कमी घ्या म्हणून, सांगायचं कसं? "गॅलरीत हवा शुद्ध असते," एवढंच मी म्हणालो.

हवा खेळती ठेवण्याची ही चिंता जुनी आहे. 1846 साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला नेलं, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. आमच्या मावशींना हे ऐकवलं तर त्या पिशवी उचलून निघतील.

दुकानदारानं उपाय म्हणून डबा दिला. जर्मन नाव, भारी किंमत. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आईनं बोटावर घेऊन पाहिलं. "हा चुना," ती म्हणाली. होताच. रात्रभर निवळत ठेवायचा, वरची साय मोडायची नाही, तळ ढवळायचा नाही, मधलं नितळ पाणी तेवढं घ्यायचं : त्या डब्यावरची पानभर कृती म्हणजे आईनं कोहळ्याच्या पेठ्यासाठी जन्मभर केलेली चुन्याची निवळी. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही भरून निघतात, आणि चुना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड धरतो म्हणून पीएचही वर येतो. मात्र निवळीचाच पीएच 12च्या वर, म्हणून रात्री थेंबथेंब सोडावी लागते. ते खातं आता आईकडे आहे. मला नळीला हात लावू देत नाही.

निवळीला जोड म्हणून खिडक्याही उघड्या ठेवतो. त्यानं पीएच सुधारला, पण मे महिन्यात उघड्या खिडकीतून येणाऱ्या झळांनी पाणी तापतं, मग चिलर धावतो, आणि चिलर पाण्यातली उष्णता काढून हॉलमध्ये सोडतो. मासे 26वर, पाहुणे घामाघूम. बायको हल्ली फोनवर आधीच सांगते, "या ना, अवश्य या, फक्त आम्ही एसी लावत नाही हं." अर्धे लोक दिवाळीत येऊ म्हणतात. मेहुणे मात्र येतात. त्यांना घाम चांगला असतो, असं त्यांच्या शिबिरात शिकवलंय.