फुटाला तीनशे

"आठ बाय चारचा अठराचा प्लाय आणा," असं मिस्त्री सांगतात, तेव्हा आठ आणि चार हे फूट असतात आणि अठरा हे मिलिमीटर. खुलासा नसतो. "अठरा काय?" असं विचारणाऱ्या घरमालकाकडे ते क्षणभर बघतात आणि दुकानदाराचा नंबर लावून फोन स्वतःच्याच कानाला लावतात.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. मिस्त्री त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले, तरी त्यांच्या तोंडी अजून सूत आहे. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे सूत तीन मिलिमीटरहून थोडं मोठं. लांबी फुटात, जाडी एमएममध्ये आणि चूक सुतात, अशी त्यांची वाटणी ठरलेली. चूक कितीही मोठी असो, "दोन सुतांचा फरक आहे, साहेब."

इंटिरियरवाल्या मॅडमच्या ड्रॉइंगवर कपाटाची उंची २१००, रुंदी १८००. मिस्त्री वाचतात, "सात बाय सहा." फुटाला तीनशे हा त्यांचा पाढा. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. फूट ३०४.८ मिलिमीटरचा असतो, दर फुटाला दीड सूत उडतंय, सात फुटांत सव्वा इंचाहून जास्त गेलं, हे ते मोबाइलवर मांडून दाखवतात. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढतात, प्लायच्या कडेला काहीतरी खरडतात. "बरोबर. एकवीसशे म्हणजे सहा फूट दहा इंच पाच सूत. पण मॅडमनी एकवीसशे का लिहिलं? सात फूट म्हणायचं होतं म्हणूनच ना?"

मॅडमना विचारायची हिंमत दोघांनाही नसते.

टेपच्या टोकाचा पत्रा हलतो, तेव्हा टेप खराब आहे, हा मालकांचा पुढचा आक्षेप. इथे मात्र मिस्त्री मास्तर होतात. माप आतून घेतलं की पत्रा आत दबतो, बाहेरून घेतलं की ओढला जातो. पत्र्याच्या जाडीएवढाच तो हलायला हवा, म्हणजे दोन्ही मापं खरी येतात. "न हलणारा टेप घेऊ नका, साहेब." एवढं जाणणारा हाच माणूस, टोक झिजलं की एक इंच सोडून माप घेतो आणि कापताना तो इंच वजा करायला विसरतो. "जास्त आलं तर कापता येतं," हे वर.

कपाट उभं राहतं. भिंत आणि कॉलम यांच्या मधली जागा खरोखरच सहा फूट, कपाट १८००. बाजूला नऊ सुतांची फट.

"पट्टी मारू."

पट्टी मारली जाते, तिच्यावर सनमायका चढतो आणि मुळात ती मॅडमच्याच डिझाइनमध्ये होती, असं पाहुण्यांना वाटू लागतं. मग बिल येतं: सात सक बेचाळीस स्क्वेअर फूट. मालक याच दिवसाची वाट बघत असतात. टेप लावून, कॅल्क्युलेटर दाबून ते सांगतात, "चाळीस पॉइंट एकोणसत्तर!"

"हिशेब तुमचाच खरा," मिस्त्री मान्य करतात. "एक्केचाळीस धरा. फक्त पट्टी त्यात येत नाही. ती वेगळी, रनिंग फुटाने."